ताण, आधार आणि हातातला फोन

समोर प्राध्यापक आहेत, वसतिगृहांचे रेक्टर आहेत, काही पालकही आहेत. म्हणून थेट कामाचं बोलतो. विद्यार्थ्याचा स्क्रीन टाइम सहा तास दिसला की आपण हादरतो. पण त्या सहा तासांत यूट्यूबवरची लेक्चरं असतात, ग्रुपवर आलेल्या नोट्स असतात, आईशी झालेला व्हिडिओ कॉलही असतो. तासांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की फोन हातात घेण्याआधी काय घडलं होतं? इंटरनेट वापराचे अभ्यासक कार्देफेल्ट-विंथर यांनी २०१४ मध्ये हाच मुद्दा मांडला: माणूस कशाची तरी भरपाई करायला ऑनलाइन जातो, आणि ती उणीव तशीच राहिली तर सवय घट्ट होते.

पहिल्या वर्षाचा मुलगा घ्या. परभणीहून पुण्याला आलेला, लेक्चर इंग्रजीतून, रूममेट अनोळखी. पहिल्याच सेमिस्टरला दोन विषयांत एटीकेटी लागते. घरून रोज फोन येतो, 'जेवलास का? अभ्यास चाललाय ना?' तो 'हो' म्हणतो. निकाल सांगायची सोय त्या संभाषणात नाही. मग रात्री अडीचपर्यंत रील्स, सकाळचं प्रॅक्टिकल बुडतं, जर्नल सबमिशन लांबतं आणि ताण आणखी वाढतो. मानसशास्त्रज्ञ कोहेन आणि विल्स यांनी १९८५ मध्ये ताणापासून वाचवणाऱ्या आधाराच्या ज्या कवचाबद्दल लिहिलं, ते इथे नाही. रोजचा फोन येऊनही नाही, कारण ताणाची धार बोथट होते ती 'अडचणीत कुणाला तरी सांगता येईल' या खात्रीनं.

मोजायचं असेल तर तीन प्रश्नावल्या पुरतात. ताणासाठी पीएसएस-१०, आधारासाठी बारा विधानांची एमएसपीएसएस, फोनच्या व्यसनासाठी दहा विधानांची एसएएस-एसव्ही. पीएसएसमध्ये ४, ५, ७ आणि ८ या प्रश्नांचे गुण उलटे धरायचे असतात, ० चे ४, १ चे ३. एक्सेलमध्ये हे हमखास राहून जातं आणि निवांत मुलं तणावग्रस्त ठरतात. शिवाय पीएसएस गेल्या महिन्याबद्दल विचारते, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर भरून घेतली तर परीक्षाच मोजली जाते. एमएसपीएसएसची नुसती बेरीज बघू नका. कुटुंब, मित्र, जवळची व्यक्ती असे चार-चार विधानांचे तीन भाग वेगळे काढा. घरचा आधार भरपूर आणि मित्रांचा शून्य, हे एकूण आकड्यात बुडून जातं. एसएएस-एसव्हीत कुणाला व्यसनी धरायचं याच्या मुलगे ३१, मुली ३३ गुण या सीमारेषा २०१३ मध्ये कोरियातल्या शाळकरी मुलांवरून ठरल्या. आपल्या बीएस्सीच्या वर्गाला त्या लावून 'इतके टक्के व्यसनी' अशी बातमी देऊ नये. आणि एकदाच भरून घेतलेल्या फॉर्मवरून ताणामुळे फोन वाढला की फोनमुळे ताण, हे कळत नाही.

आता उपाय. रात्री दहाला फोन जमा करून घेणारी वसतिगृहं आहेत. त्यानं शिस्त दिसते, पण ज्या मुलीची जिवाभावाची मैत्रीण नागपूरला आहे, तिचा एकमेव आधारही त्या पेटीत जातो. मग दुसरा फोन लपवला जातो.

त्यापेक्षा आठवडाभर वहीत चार रकाने भरायला सांगा: वेळ, आधी काय झालं, कोणतं ॲप, नंतर कसं वाटलं. सगळं लिहायची गरज नाही, अर्ध्या तासाहून लांबलेल्या वेळाच लिहायच्या. साधारण एक-दोन ठिकाणी गर्दी दिसते, बहुतेकदा झोपण्याआधी. तेवढीच वेळ हाताळा. चार्जर पलंगापासून दूर, गजराचं साधं घड्याळ, कॉल सोडून बाकी नोटिफिकेशन बंद. रिकाम्या झालेल्या त्या अर्ध्या तासात मेसमधला सोबती, कॅरम, गच्चीवरची फेरी असं काहीतरी आधीच ठरलेलं हवं, नाहीतर तिसऱ्या दिवशी चार्जर पुन्हा उशीपाशी येतो.

मेंटॉर-मेंटी योजना बहुतेक कॉलेजांत आहे, पण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीपुरती. महिन्यातून पंधरा मिनिटं, एकेकट्याला, हजेरीचा विषय न काढता भेटलात तरी ती जिवंत होईल. पालकांनी एटीकेटीबद्दल स्वतःहून विचारावं, आणि उत्तर ऐकून घेतल्यावर निदान त्या दिवशी तरी उपदेश करू नये.

सलग दोन आठवडे झोप उडालेली, जेवण तुटलेलं, वर्गात येणं थांबलेलं दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जीव नकोसा झाल्याचं बोलणं आलं तर त्याच क्षणी, मुलाला एकटं न सोडता. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. तो वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावा. ऑफिसबाहेरच्या नोटिस बोर्डावर रात्री दोनला कुणी वाचायला जात नाही.