नाव पिकअप, तक्रार पिकअपची

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या बोलण्यात एक गंमत आहे. मागे हौदा असलेल्या गाडीला आपण पिकअप म्हणतो, आणि पाय दाबल्यावर गाडी जी उसळी घेते, तिलाही पिकअपच म्हणतो. म्हणून चार सिलिंडरची पिकअप चालवणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : "पिकअपला पिकअप नाही." ते संपतंय न संपतंय तोच पुढचं येतं, "आणि ॲव्हरेजही देत नाही." म्हणजे ताकदीच्या नावानं बोंब आणि डिझेलच्या नावानंही बोंब!

मी अशी गाडी बारा वर्षं चालवतोय. अडीच लिटरचं चार सिलिंडर डिझेल इंजिन, टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आहे, गिअर पाच. ही तक्रार सुरुवातीची दोन वर्षं मीही केली. मग एका घाटात माझं तोंड बंद झालं. तेव्हा जे कळलं ते आधीच सांगून टाकतो : ताकद असते, पण ती वरच्या मजल्यावर राहते. खाली अंगणात उभं राहून हाका मारल्या तर ती येत नाही. जिना चढून जावं लागतं, आणि गाडीत जिना म्हणजे गिअर. पुन्हा सांगतो, ताकद वरच्या मजल्यावर राहते.

चार सिलिंडर म्हणजे कमी, असं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. फोर्डनं १९२५ साली मॉडेल टी या गाडीला कारखान्यातच हौदा बसवून विकायला सुरुवात केली. इंजिन चार सिलिंडरचं, २.९ लिटरचं, आणि ताकद २० हॉर्सपॉवर. टोयोटाची पहिली हायलक्स पिकअप १९६८ची, तीही चार सिलिंडर, आणि इंजिन फक्त दीड लिटरचं. लोकांनी त्यावर शेती केली, दुकानं चालवली. तो वीसचा आकडा मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आत काय चालतं ते दोन वाक्यांत सांगतो. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दर अर्ध्या फेऱ्याला एका सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं, बहुतेक इंजिनांत एक, तीन, चार, दोन अशा क्रमानं. फेरे कमी झाले की हे धक्के दूर दूर पडतात, धूर कमी निघतो, आणि टर्बो तर धुराच्या जोरावरच फिरतो, म्हणून तो झोपतो. झोपलेला टर्बो आणि चढ, एवढं झालं की तुम्ही अडकलात. मी अडकलो.

तीच गोष्ट आता सांगतो. घरात ती सगळ्यांना पाठ आहे. मी "त्या वर्षी सरांचं सामान" एवढं म्हटलं की मुलगी उठून आत जाते.

आमच्या शेजारी एक सर राहायचे. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, तेव्हा वय एकाहत्तर. त्यांनी घाटमाथ्यावर एक छोटं घर घेतलं. मोठं सामान आधीच गेलं होतं, काकूही आदल्या दिवशी पुढे गेल्या होत्या. सर मला म्हणाले, "थोडी पुस्तकं राहिलीत, तुझ्या गाडीत सहज मावतील."

मावली. मावणं आणि पेलणं यातला फरक तेव्हा मला कळत नव्हता. शेहेचाळीस खोकी! हौदा अर्धाही भरला नव्हता, म्हणून मी खुशीत. मागच्या स्प्रिंगचे पाटे मात्र पार सरळ झाले होते, आणि त्याकडे मी बघितलंच नाही. जाता जाता सांगतो, पुस्तकं कधीही मोठ्या खोक्यात भरू नयेत. दूरदर्शन संचाच्या खोक्यात पुस्तकं भरणाऱ्या माणसाला ते खोकं स्वतः तिसऱ्या मजल्यावर न्यायला लावलं पाहिजे. आणि त्या चिकटपट्टीचं टोक! रोज वापरायची वस्तू, पण टोक कुठे आहे हे नखाला कधी सापडत नाही. असो.

सपाटीवर गाडी छान पळाली. घाट लागला. पहिलं वळण तिसऱ्या गिअरमध्ये निघालं, दुसरंही कसंबसं निघालं. तिसरं वळण केसाच्या पिनेसारखं, आणि ते मी नेमकं आतल्या बाजूनं घेतलं. अशा वळणाला आतल्या कडेला चढ सगळ्यात उभा असतो, हे लक्षात घ्या. समोरून एक ट्रक उतरत होता. मी पाय उचलला, गाडी मंदावली, मग दुसरा टाकून पाय दाबला आणि... काही नाही. इंजिन नुसतं घुरघुरलं. मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा बाराशेवर. स्टिअरिंग हातात थरथरतंय, काच खडखडतेय, आणि गाडी जिथल्या तिथे. मी क्लच अर्धवट दाबून धरला, म्हटलं जरा फेरे वाढू देत. फेरे वाढले, गाडी मात्र हलली नाही. मग तो वास आला. जळक्या क्लचचा वास ज्यानं एकदा घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. ज्यानं घेतला नाही त्यानं न घेतलेलाच बरा.

मी हँडब्रेक ओढला. तोही पुरेना, गाडी टिचभर मागे सरकली. इतक्यात दार उघडल्याचा आवाज आला. एकाहत्तर वर्षांचे सर खाली उतरून कठड्याजवळचा दगड दोन्ही हातांनी उचलून मागच्या चाकाला लावत होते. वर म्हणाले, "आता पाय काढ."

या दगडावरून एक बोलतो. गाडी निघाली की तो दगड उचलून कडेला ठेवायचा असतो. आपलं काम झालं की दगड तिथेच टाकून निघून जाणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि रात्री त्या दगडावर जाणारी मोटारसायकलही पाहिली आहे. दगड लावायला वेळ असतो, उचलायला नसतो. हे मी प्रत्येक भाषणात बोलतो, विषय कुठलाही असो.

तर क्लच निवेपर्यंत अर्धा तास थांबायचं होतं. मी कपाळाला हात लावून बसलो. म्हटलं, "सर, या गाडीत दमच नाही. सहा सिलिंडरची असती तर..."

सर म्हणाले, "थांब. दम नाही हे तू मोजलंस का?"

आणि त्यांनी पिशवीतून तानकाटा काढला. सामान तोलायचा, आकडा असलेला. हा माणूस घर बदलताना तानकाटा हाताशी ठेवतो! आम्ही हौद्यातली तीन खोकी उतरवून तोलली. सरासरी चोवीस किलो. गुणिले शेहेचाळीस, अकराशे चार किलो. मी तीनशे-चारशे धरले होते. गाडीचं पासिंग, म्हणजे माल वाहायची परवानगी, बाराशे किलोचं, म्हणजे कागदावर आम्ही नियमात होतो, पण गाडी, पुस्तकं आणि आम्ही दोघं मिळून तीन टन झालो होतो.

मग त्यांनी खोक्याच्या झाकणावर पेनानं गणित मांडलं. ते झाकण माझ्याकडे अजून आहे. पायथ्याच्या आणि माथ्याच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिच्यातला फरक सहाशे मीटर. रस्ता दहा किलोमीटर. ताशी तीस किलोमीटरनं गेलं तर वीस मिनिटं, म्हणजे बाराशे सेकंद. बाराशे सेकंदांत सहाशे मीटर, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर उंची. पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचललं की ती झाली एक हॉर्सपॉवर. आपल्याला तीन हजार किलो अर्धा मीटर उचलायचंय, म्हणजे पंधराशे. भागिले पंचाहत्तर.

"किती?" सर म्हणाले.

मी म्हटलं, "वीस."

वीस! श्रोतेहो, शंभर वर्षांपूर्वीच्या त्या फोर्डच्या इंजिनात जेवढी होती, नेमकी तेवढी. टायरचं घर्षण आणि वारा धरून आणखी पाच घाला, पंचवीस झाली. माझ्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेली ताकद याच्या तिपटीहून जास्त. मग गाडी अडली का?

सर म्हणाले, "पुस्तकातली ताकद किती फेऱ्यांना आहे ते वाच." वाचलं. चार हजारांना. "आणि तू किती फेऱ्यांवर मागत होतास?" बाराशेवर. "मग? तुझी ताकद वरच्या मजल्यावर होती, आणि तू अंगणात उभा होतास."

तर हे वाक्य माझं नाही, सरांचं आहे. सुरुवातीला माझंच असल्यासारखं सांगितलं, सवय झालीय.

गणित तिथे थांबलं नाही. तीन टन सहाशे मीटर वर न्यायला ऊर्जा लागते सुमारे अठरा मेगाज्यूल. लिटरभर डिझेलमध्ये असते छत्तीसच्या आसपास, पण तिच्यातला जेमतेम तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. म्हणजे नुसतं उचलायला दीड लिटर. पुढं जायचं वेगळंच. "त्यातलं माझ्या पुस्तकांचं अर्धा लिटर आणि थोडं वर," असं सर जरा गंभीर होऊन म्हणाले. मग तोललेल्या खोक्यांपैकी एक उघडं पडलं होतं, त्यात डोकावले आणि गप्प झाले. मीही डोकावलो. आत पुस्तकं नव्हती, जुन्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्या होत्या, सुतळीनं बांधलेल्या.

"अशी चार खोकी आहेत," सर हळू आवाजात म्हणाले. "हिनं रद्दीत द्यायला सांगितली होती. मी वर 'पुस्तकं' लिहिलं. तिला बोलू नकोस."

क्लच निवला. पहिला गिअर, हँडब्रेक वर, काटा दोन हजारांवर येऊ दिला, मग क्लच एका दमात सोडला आणि हँडब्रेक खाली. गाडी जागची हलली, जणू मघाशी काही घडलंच नव्हतं. सरांनी दगड कडेला ठेवला आणि पुढच्या रुंद जागेपर्यंत चालत आले. तिथून माथ्यापर्यंत मी काटा दोन हजारांखाली येऊच दिला नाही. वळण दिसलं की आधी गिअर उतरवायचा, मग वळायचं. वळणात शिरल्यावर नाही, आधी. वेग तीसच्या आसपास राहिला आणि इंजिनाची कुरकूर एकदाही आली नाही.

ही गोष्ट सांगण्यात अर्ध्याहून जास्त वेळ गेला, मला ठाऊक आहे. आता ॲव्हरेजचं चटचट सांगतो.

आधी मोजा. कुणाच्याही तोंडचं ॲव्हरेज धरू नका, लोक ते मुलाच्या मार्कांसारखं वाढवून सांगतात. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा, आणि किलोमीटरला लिटरनं भागा. असं चार-पाच टाक्या करा. टाकी ते टाकी, डॅशबोर्डवरच्या आकड्यावर नाही.

साठऐवजी नव्वदनं गेलात तर वाऱ्याचा विरोध दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. पिकअपचं तोंड भिंतीसारखं असतं, तिला हे जास्त लागतं. काही जण वारा निघून जावा म्हणून मागचा फाळका उघडा टाकून पळवतात. उपयोग नाही. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा बसतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरून जाते. फाळका बंदच ठेवा. सैल ताडपत्री मात्र घट्ट बांधा, तिची फडफड डिझेल खाते. टायरमधली हवा गार टायरवर बघा, आणि गाडी भरलेली असताना मागच्या चाकांत पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वाढवा.

आणि उतार. उतारावर न्यूट्रल करू नका. पुन्हा सांगतो, न्यूट्रल करू नका. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत, गिअर टाकलेला असताना पाय उचलला की इंजेक्टर डिझेल पूर्ण बंद करतात, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहायचं असतं, म्हणून डिझेल जळतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि जाळून बसलात, वर सगळा भार ब्रेकवर. तापलेला ब्रेक भरल्या गाडीला धरत नाही, मग पायाखालचं पेडल नुसतं जमिनीला टेकतं. पाय उचला, गिअर सोडू नका.

त्या दिवशी मी तसाच उतरलो, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला फारसा हात न लावता. म्हणजे पाय. गाडी रिकामी, पाटे पुन्हा कमानदार, प्रत्येक खड्ड्यात मागची बाजू बकरीसारखी उडत होती.

पूर्ण रिकामी मात्र नव्हती. वर पोचल्यावर काकूंनी पहिलं खोकं उघडलं ते नेमकं सुतळीवालं. मग उरलेली तीन त्यांनी स्वतः शोधून काढली. सर खिडकीबाहेर बघत राहिले. चारही खोकी माझ्याच गाडीतून खाली आली आणि रद्दीत गेली.

आठवड्यानं सरांचा फोन आला. "अरे, हिशेब राहिला होता. चार खोकी, धर शहाण्णव किलो. वर न्यायला सत्तेचाळीस मिलिलिटर डिझेल गेलं. औषधाच्या चमच्यानं नऊ चमचे आणि थोडं."

मी म्हटलं, "सर, राहू द्या हो."

"राहू कसं द्यायचं? खाली आणलीस तेव्हा पाय उचलला होतास ना?"

"हो, उचलला होता."

"मग खाली येण्याचं धरत नाही," सर म्हणाले. "वर जातानाचं तेवढं मी तुझं देणं लागतो."