पाळीच्या कळांमागची गाठ

(दृश्य: बडोदे, दांडिया बाजार, सकाळची वर्दळ)

बडोद्याच्या मराठी घरांत पाळीच्या कळांवर आजीचं उत्तर ठरलेलं: ओवा घे, पोट शेक, मूल झालं की थांबेल. साध्या कळांना ते चालतंही. पण पाळीतच शौचाला बसताना असह्य दुखतं का, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं का, हे डॉक्टरांनी स्वतःहून विचारायला हवं. बायका आपणहून क्वचितच सांगतात, आणि यामागे एंडोमेट्रिऑसिस असू शकतो.

(दृश्य: ओटीपोटाचं रेखाचित्र)

गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर रुजते, तो एंडोमेट्रिऑसिस. पोटाच्या आतल्या पडद्याखाली ती ५ मिलिमीटरहून खोल गेली की आजार ‘डीप’, म्हणजे खोलवरचा. बहुतेक वेळा ती गर्भाशयामागचे बंध, योनीचा वरचा भाग आणि गुदाशय यांना धरते. आतून तपासताना योनीच्या मागच्या कोपऱ्यात सुपारीसारखी कडक गाठ लागते, दाबली की बाई कळवळते. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गुदाशय गर्भाशयामागे सरकताना दिसला नाही, तर दोन्ही चिकटलेत असं धरावं. मूत्रपिंडंही त्याच वेळी बघावीत. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी, म्हणजे मूत्रवाहिनी, आवळली गेली की मूत्रपिंड गाजावाजा न करता सुजतं आणि निकामीही होतं.

(दृश्य: शस्त्रक्रियागृह)

पोटात दुर्बीण घातल्यावर थेट गाठीला हात घालायचा नाही. आधी अंडाशय मोकळे करून वर टांगायचे. मग मूत्रवाहिनी ओटीपोटाच्या वरच्या कडेला, जिथे ती निरोगी आहे तिथे ओळखायची आणि खाली गाठीपर्यंत सोडवत न्यायची. गुदाशयाच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा उघडायच्या, मूत्राशयाच्या नसा (मज्जातंतू) बाहेरच्या अंगाला ठेवायच्या. गाठ शेवटी.

आतड्यावरची गाठ वरवरची असेल तर खरवडून निघते. भिंतीत शिरलेली, साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ असेल तर स्टेपलरने, म्हणजे कापून लगेच टाके मारणाऱ्या यंत्राने, चकतीएवढा तुकडा काढतात. त्याहून मोठी किंवा अनेक गाठी असतील, आतडं अरुंद झालेलं असेल, तर तो भागच कापून जोडावा लागतो. जोड तपासायला ओटीपोटात पाणी भरून गुदाशयात हवा सोडतात. बुडबुडे आले तर जोड गळतोय.

खरी धास्ती योनी आणि आतडं दोन्ही एकाच जागी उघडण्याची. दोन टाके समोरासमोर आले की भगंदर, म्हणजे दोन्हींमध्ये आरपार वाट, होऊन योनीतून मल येऊ शकतो, म्हणून मध्ये चरबीचा पडदा आणून ठेवतात. दोन्ही बाजूंच्या नसा दुखावल्या तर लघवी अडते. कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावर मूत्राशयात किती लघवी उरली ते मोजल्याशिवाय घरी सोडू नये.