वंगणाला एरंडेल

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय तेलावर. कढईतल्या नव्हे, यंत्रातल्या. आणि त्यातही मातीत कुजून जाणाऱ्या एस्टर तेलांवर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून झालेल्या रेणूंच्या तेलांवर. पण आधी गाडी जुंपतो.

माघ पौर्णिमेला येळ्ळूरहून आमची बैलगाडी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला निघायची. (हल्ली टेम्पोनं जाऊन संध्याकाळी घरी येतात, त्याला मी जत्रा म्हणत नाही. असो.) एका वर्षी बैलहोंगलच्या अलीकडं चाक कुरकुरू लागलं. कुरकुर कसली, किंचाळतच होतं! बैल बिचकले. आज्जानं वंगणाचं नळकांडं उपडं केलं, तर ठणठणीत कोरडं. काकानं कंदिलातलं रॉकेल आखावर ओतलं. चाक गप्प, काका खूश. अर्ध्या मैलात पुन्हा तेच, आधीपेक्षा मोठ्यानं. तेव्हा आज्जीनं बोचक्यातनं बाटली काढली. एरंडेल! जत्रेत अरबटचरबट खाल्लं की आम्हाला पाजायला आणलेलं. आज्जा म्हणाला, "समदं नको वतू गं, पोरास्नी ठेव." आम्ही पोरं एकदम ओरडलो, "वत, वत, समदं वत!" यल्लम्माच्या डोंगरापर्यंत चाकानं ब्र काढला नाही, आणि आम्ही पोटभर भजी हाणली.

रॉकेल का हरलं? पातळ तर ते आहेच, शिवाय त्यात नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या. लोखंडाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. एरंडेलाच्या रेणूत ग्लिसरॉल नावाच्या अल्कोहोलला आम्लाच्या तीन लांब शेपट्या, एस्टर बंधानं जोडलेल्या. त्या बंधातला ऑक्सिजन लोखंडाला धरतो, शेपट्या बाहेर राहतात. पुन्हा सांगतो: डोकं लोखंडाला, शेपट्या बाहेर. कुणी रचावं लागत नाही, रेणू आपणहून दाटीनं बसतात. शिवाय बहुतेक शेपट्यांवर बाराव्या कार्बनला हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. त्यानं रेणू एकमेकांनाही धरतात, म्हणून तेल इतकं दाट. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या इंजिनांतही हेच तेल असे. वैमानिकांच्या पोटाचं काय व्हायचं, ते तुम्ही ओळखलंत.

हाच एस्टर बंध मातीतले जिवाणू तोडतात, म्हणून सांडलेलं तेल कुजतं. मात्र उद्यमबागेतल्या कारखानदार मंडळींनो, तेलाच्या टाकीत पाणी शिरू देऊ नका. पाणी आणि उष्णता मिळाली की तोच बंध टाकीतच सुटतो, आम्ल तयार होतं आणि यंत्र खातं.

बाटली पूर्ण रिकामी झाली नव्हती बरं का. परतीच्या वाटेवर तळाचं चमचाभर माझ्याच वाट्याला आलं.