घरची माहिती एकाच डोक्यात नको

(बडोद्यातील ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

अनिश्चित काळ कशाला म्हणतात, हे बडोद्याच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले, तेव्हा समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा या भागांत कित्येकांचे तळमजले पाण्यात होते, वीज नव्हती, मोबाइल एकेक करून बंद पडत होते आणि सोसायटीच्या फाटकाशी मगर दिसल्याच्या बातम्या येत होत्या. त्याआधी ३१ जुलै २०१९ रोजी एकाच दिवसात सुमारे ५०० मिलीमीटर पाऊस कोसळला होता आणि या दोन पुरांच्या मध्ये करोना येऊन गेला. पुढचे संकट कोणते हे सांगता येत नाही. ते येईल तेव्हा आपल्या घरातली माणसे काय करतील, एवढे मात्र आजच ठरवता येते.

माझी नोकरी एका मोठ्या रुग्णालयात समाजसेवकाची होती. डॉक्टर रोग्याकडे पाहत आणि मी रोग्याबरोबर आलेल्या माणसांकडे. माणसे आपल्या माणसांवर जीव टाकतात, याविषयी मला तिथे कधी शंका आली नाही. घोटाळा होई तो निराळ्याच कारणाने. औषधे कोणती, विम्याचा कागद कुठे, बँकेतले खाते कोणते, मुख्य स्विच कुठला, ही सगळी माहिती घरातल्या एकाच व्यक्तीच्या डोक्यात असे आणि बऱ्याचदा तीच व्यक्ती आमच्यासमोर स्ट्रेचरवर असे. तेव्हा घरातली माहिती वाटून घेणे, तीही सगळे धडधाकट असताना, हा आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

औषधांपासून सुरुवात करतो, कारण तिथे मिनिटे मोजली जातात. अपघात विभागात वडिलांना घेऊन आलेल्या मुलाला आम्ही विचारत असू की ते कोणत्या गोळ्या घेतात. उत्तर येई, ‘बीपीची एक, छोटी पांढरी. आणि एक अर्धी, ती आई देते.’ छोट्या पांढऱ्या गोळ्या शेकडो असतात. पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि रोगी रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल तर ते देण्यात मोठा धोका असू शकतो. म्हणून त्या क्षणी डॉक्टरांना दोन उत्तरे हवी असतात: कोणती औषधे चालू आहेत, आणि रोग्याला शेवटचे ठीकठाक कधी पाहिले. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लोक हटकून चुकवतात. ‘सकाळी सहा वाजता उठले तेव्हा तोंड वाकडे दिसले’, असे सांगतात. पण वेळ मोजली जाते ती रात्री झोपताना ठीक होते तेव्हापासून, आणि मध्ये कोणी पाणी प्यायला उठून त्यांच्याशी नीट बोलले असेल, तर त्या वेळेपासून. चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, एक हात वर न राहणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक दिसले तर घड्याळ पाहावे आणि १०८ ला फोन करावा. लिंबूपाणी देऊन, पाय चोळून, थोडे पडू देऊन पाहू, यात तो साडेचार तासांचा वेळ निघून जातो. शिवाय अशा रोग्याला गिळता येत नसेल, तर तोंडात घातलेले पाणी श्वासनलिकेत उतरते.

तेव्हा घरातल्या प्रत्येकाचा एक कागद करावा. त्यावर औषधाचे नाव, मिलीग्रॅम, वेळ, कोणते औषध सोसत नाही, मागे कोणती शस्त्रक्रिया झाली आणि कोणत्या डॉक्टरांकडे उपचार चालू आहेत, एवढे लिहावे आणि तारीख घालावी. तारीख नसलेला जुना कागद कागद नसण्यापेक्षा वाईट. लिहायचा कंटाळा असेल तर गोळ्यांच्या पाकिटांचा, नाव दिसेल असा, फोटो काढून घरातल्या सर्वांना पाठवावा. आपल्याकडे रक्तगट ठळक अक्षरांत लिहून पाकिटात ठेवण्याची मोठी हौस आहे. त्याला माझी हरकत नाही, पण रक्त देण्यापूर्वी रुग्णालय गट स्वतः तपासतेच; मधुमेहाची कोणती गोळी सकाळी पोटात गेली आहे, हे मात्र तुम्हीच सांगायचे असते.

आता पुराविषयी. पावागडच्या बाजूला जोराचा पाऊस झाला आणि आजवा तलाव भरून वाहू लागला की ते पाणी शहरात पोहोचते, हे आपल्याला ठाऊक असते. तरीही घर सोडायचे की नाही याची चर्चा आपण पाणी पायरीला लागल्यावर सुरू करतो. त्या वेळी आजोबा म्हणतात, ‘इतक्या वर्षांत ओट्यावर पाणी आलेले नाही’, सुनेला फ्रिजची काळजी, मुलाला गाडीची, आणि या वादात रस्ता बंद होतो. हा निर्णय उन्हाळ्यातच घेऊन ठेवावा. नदीची पातळी अमुक फुटांवर गेल्याची बातमी आली की आईला घेऊन मांजलपूरला मावशीकडे जायचे, मग पाऊस थांबलेला असो वा नसो, असा आकडा घरात ठरलेला असावा. तो २६ च्या बराच खालचा असावा, हे सांगायला नकोच. ज्यांना आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागते, जे ऑक्सिजनच्या यंत्रावर आहेत किंवा ज्यांना जिना उतरता येत नाही, त्यांनी इतरांच्या आधी निघायचे. सहाव्या मजल्यावर राहतो म्हणून आपण निर्धास्त असतो. पण मीटरची खोली तळमजल्यावर असते, लिफ्ट आणि पाण्याचा पंप तिथूनच चालतात, आणि दोन दिवस वीज नसली की सहावा मजला हा पिंजरा होतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी एक व्यवहारी गोष्ट. वीज गेली म्हणून इन्सुलिन लगेच फेकायचे नसते. वापरात असलेली बाटली किंवा पेन उन्हापासून दूर, साधारण तपमानात बहुधा चार आठवडे चालते, नेमकी मुदत वेष्टनावर छापलेली असते. कडक उकाड्यात ती पाणी शिरणार नाही अशा डब्यात बंद करून ओल्या माठात ठेवण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या बोर्डाचे बटण वायरमनने पाहिल्याशिवाय दाबू नये. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाला पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, तर ‘मी पाण्यातून चाललो होतो’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिस हा आजार अशाच पाण्यातून होतो आणि सुरुवातीला तो साध्या तापासारखाच दिसतो.

दुसरे संकट फोनवरून येते, आणि ते पावसाळ्याची वाट पाहत नाही. पोलिसांच्या गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर म्हणतो की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, खोलीचे दार लावून घ्या आणि घरात कोणालाही सांगू नका. अशी अटक आपल्या कायद्यात अस्तित्वातच नाही. या फसवणुकीचे सगळे बळ ‘कोणालाही सांगू नका’ या तीन शब्दांत आहे, आणि आपण मुलेच ते बळ त्यांना पुरवतो. वडिलांच्या हातून मागे पाचशे रुपये गेले होते तेव्हा आपण त्यांना सर्वांसमोर बोललेलो असतो. मग पाच लाख जात असताना ते आपल्याला फोन कशाला करतील? पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, तर रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता असते, म्हणून तिथेही वेळच महत्त्वाचा. घरात आधीच सांगून ठेवावे की काहीही झाले तरी पहिला फोन आम्हाला करा, आम्ही रागावणार नाही, आणि तो शब्द पुढे पाळावा. नातवाच्या हुबेहूब आवाजात पैशांची मागणी करणारे फोनही आता येऊ लागले आहेत. त्यासाठी घरातल्यांपुरता एखादा परवलीचा शब्द ठरवावा. पणजीचे माहेरचे नाव किंवा लहानपणच्या कुत्र्याचे नाव चालेल, फक्त ते फेसबुकवर कुठे लिहिलेले नसावे.

पैशांच्या कागदांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वकिलाचा सल्ला घेतलेला बरा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. जुन्या खात्यांवर दिवंगत आईचेच नाव नॉमिनी म्हणून राहिलेले असते, ते बदलून घ्यावे. नॉमिनी झाला म्हणजे मालक झाला, असा समज मात्र करून घेऊ नये. तो रक्कम स्वीकारतो, वाटणी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने होते. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. साध्या मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत. आणि ज्यांचे वय ७० किंवा त्याहून अधिक आहे त्यांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळू शकतात. ते कार्ड माणूस आजारी पडायच्या आधी काढलेले असावे.

हे सगळे ऐकायला सोपे वाटते, पण घरी जाऊन विषय काढला की आई म्हणते, ‘शुभ बोल रे नाऱ्या’, आणि अप्पा वर्तमानपत्र उघडतात. ‘तुमच्या नंतर’ या शब्दांनी सुरू झालेले बोलणे पुढे जातच नाही, आणि ते जाऊ नये हेही स्वाभाविक आहे. ज्या घरांत हे साधले, तिथे सुरुवात मुलाने किंवा सुनेने स्वतःपासून केलेली मी पाहिली आहे. मुलाने स्वतःची औषधे, विमा, खाती लिहून तो कागद आईच्या हातात दिला आणि म्हटले, ‘आई, हे तुझ्याजवळ असू दे, मला काही झाले तर तुम्हाला लागेल.’ आईने तो देवघराखालच्या खणात ठेवला, आणि मग दोन दिवसांनी अप्पांनी आपण होऊन लॉकरची किल्ली कुठे आहे ते सांगितले. विचारणारा स्वतःही त्याच हिशेबात बसला की वडीलधाऱ्यांना आपली झडती होते आहे असे वाटत नाही. त्यांना विचारायचे ते हुकूम म्हणून नव्हे, हेही ओघाने आले. पूर आला तर कुणाकडे जायचे, हे त्यांच्या पसंतीने ठरले असेल तरच ते त्या रात्री उठून चालू लागतात.

ज्यांची मुले कॅनडात, जर्मनीत किंवा अगदी पुण्यात आहेत, त्यांच्यासाठी एक बारीकशी गोष्ट. ११२ आणि १०८ हे क्रमांक तुम्ही जिथे उभे आहात तिथल्यासाठी असतात. टोरांटोतून ११२ फिरवून कारेलीबागेत रुग्णवाहिका येणार नाही. म्हणून परदेशातल्या मुलाने ९१ आणि, लँडलाइन असेल तर, पुढचे शून्य गाळून २६५ लावून पूर्ण क्रमांक जवळ ठेवावेत: जवळच्या पोलीस ठाण्याचा, रुग्णालयाचा आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्यांचा. दांडिया बाजारातल्या वाड्यांत शेजाऱ्याला हाक मारली की पुरे होते. फ्लॅटच्या बंद दारांआड तसे होत नाही, तिथे ती व्यवस्था मुद्दाम लावावी लागते. समोरच्या भावनाबेनकडे एक किल्ली असावी, त्यांचा फोन मुलाकडे असावा, आणि मुलाने संकटाखेरीजही, दिवाळीला तरी, त्यांच्याशी बोललेले असावे. एरवी वर्षभर ओळख नसलेल्या माणसाने रात्री दोन वाजता फोन करून ‘जरा आमच्या बाबांकडे जाता का’ असे म्हणणे जड जाते, ऐकणाऱ्यालाही आणि म्हणणाऱ्यालाही.

शेवटी, सांभाळणाऱ्या माणसाविषयी. ही बहुधा सून असते, पत्नी असते किंवा लग्न न झालेली मुलगी. सर्वांच्या गोळ्यांचे वेळापत्रक तिला पाठ असते, पण तिची स्वतःची थायरॉइडची गोळी किती मायक्रोग्रॅमची आहे, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. वरचे कागद करताना तिचा कागद पहिला करावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा महिनोन्‌महिने एकटीने केल्यावर झोप उडते, चिडचिड होते, आणि मग त्या चिडचिडीची लाज वाटते. हे सांगायला माझ्याकडे आलेल्या बायका आधी दार बंद आहे ना, ते पाहत असत. अशा वेळी १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येते, आणि ते जरूर बोलावे. पण त्याने तिच्या हातातले काम कमी होत नाही. त्यासाठी पुण्याच्या दिराने वर्षातले आठ दिवस ठरवून यावे, नणंदेने महिन्यातला एक रविवार घ्यावा, आणि कोण कधी येणार हे भिंतीवरच्या कालनिर्णयावर आधीच लिहिलेले असावे, म्हणजे तिला दर वेळी ते मागावे लागणार नाही.