वीराच्या हाती काय द्यायचं?

कोल्हापूरच्या तालमीत मर्दानी खेळ शिकायला आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी कुणी तलवार देत नाही. आधी पाय. पवित्रा बसला की लाठी. पट्टा आणि विटा ही शस्त्रं त्याच्याही पुढे. फँटसी लिहिणाऱ्यांनी, गेमसाठी वीर रेखाटणाऱ्यांनी ही तालीम एकदा तरी पाहावी. कारण आपण बहुतेकदा आधी देखणी तलवार ठरवतो आणि मग ती धरायला कुणीतरी शोधतो.

हा दांडपट्टा बघा. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. लांब, सरळ, लवचिक पातं. आणि मुठीच्या जागी लोखंडी खोबळा. हात त्यात थेट कोपरापर्यंत जातो, आतली आडवी मूठ धरतो आणि मनगट बंद होतं. त्यामुळे वार निघतो तो खांद्यातून, कमरेतून. सगळं अंग फिरतं. चहूबाजूंनी वेढलेल्या एकट्या माणसासाठी याच्यासारखं शस्त्र नाही. पण सोबत्यांनी लांबच राहायचं, आणि पट्टा चढवलेल्या हाताने दाराची कडी काढता येत नाही, पडलेल्याला उचलता येत नाही. लेखकाला आणखी काय हवं? नायकाचा भाऊ शेजारी कोसळलाय आणि नायकाचे दोन्ही हात पट्ट्यात आहेत. अख्खा प्रसंग त्या खोबळ्यातूनच उभा राहतो.

जागाही मोजायची. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याचा वेढा फोडून महाराज विशाळगडाकडे निघाले, तेव्हा बाजीप्रभू देशपांड्यांनी पाठलाग अडवला तो खिंडीत. मोठी फौज असली, तरी अरुंद वाटेत एका वेळी मोजकेच पुढे येतात. तुमच्या राज्यात ड्रॅगन असोत की राक्षस, लढाई कुठे होणार हे शस्त्राच्या आधी ठरवा.

आता आपण एक नायिका घडवू. सह्याद्रीसारख्या डोंगरात राहणारी, चणीने बारीक, पायाने चपळ. तिचे शत्रू आहेत पंखांचे, झाडाच्या उंचीवरून झेपावणारे. तलवार तिथवर पोहोचत नाही. धनुष्य चाललं असतं, पण मुसळधार पावसात दोरी भिजते आणि या डोंगरात चार महिने पाऊसच.

तिला विटा द्यावा. विटा म्हणजे दोर बांधलेला भाला. दोराचं दुसरं टोक मनगटाला. फेकला, लागला, ओढून परत हातात. फँटसीत फेकलेलं शस्त्र मंत्राने परत येतं. आपल्या मातीत ते काम दोराने केलंय आणि मला हा दोर मंत्रापेक्षा जास्त आवडतो. कारण त्याला मर्यादा आहे. दोर जितका, तितकाच पल्ला. त्यामुळे तिला शत्रूला जवळ येऊ द्यावं लागेल, थांबावं लागेल. तिची लढण्याची रीत त्यातूनच ठरते: उंच दगड, पक्का पवित्रा, एकच फेक, लगेच जागा बदलायची.

आणि भाला त्या पंखवाल्याच्या अंगात रुतून बसला, तो उडालाच, तर? दोर तिच्या मनगटाला आहे. ती ओढली जाणार. म्हणून डाव्या कमरेला कट्यार हवीच, दोर कापायला. कापला की भाला गेला. शेवटच्या लढाईत ती तो कधी कापते, तेवढं तुम्ही लिहा.