संध्याकाळचे चार तास

[दृश्य: भार प्रेषण केंद्रातला मोठा पडदा. वारंवारतेचा आकडा हलतो आहे: ५०.०१, ४९.९८, ५०.०२]

वारंवारता म्हणजे वीजप्रवाह सेकंदाला किती आवर्तनं पूर्ण करतो ते; ती हर्ट्झमध्ये मोजतात. विजेची मागणी आणि निर्मिती जुळवणाऱ्या या केंद्रातला हा आकडा साऱ्या देशाचा आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर ही ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची) वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं गेलं. आज चंद्रपूरचा कोळशाचा वीजनिर्मिती संच, कोयना प्रकल्पातला पोफळीचा पाण्याचा संच आणि राजस्थानातले सौर पॅनेल एकाच वारंवारतेवर चालतात. मागणी वाढली आणि निर्मिती मागे पडली की आकडा घसरतो. उलट झालं की चढतो. नियमानं तो ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या आत राखायचा असतो.

वीज परवडली पाहिजे, खंडित होता कामा नये आणि तिच्यामागचा धूर कमी झाला पाहिजे. दुपारी बारा वाजता या तिन्ही गोष्टी सुखानं एकत्र नांदतात. त्यांच्यात खरी ओढाताण सुरू होते ती संध्याकाळी साडेसहाला, आणि साडेदहापर्यंत ती चालू राहते.

[दृश्य: सूर्य मावळताना सौर प्रकल्प, मग उजळत जाणारं शहर]

२०३० पर्यंत निम्मी वीजक्षमता कोळसा, वायू आणि तेल यांच्याबाहेरची असेल, असं भारतानं जगाला सांगितलं होतं. ते उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं गेलं. ही मोठी कामगिरी आहे. पण क्षमता मोजतात मेगावॅटमध्ये, आणि घरात वापरतो ती युनिटं. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळ धरून वर्षाच्या सरासरीनं क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच वीज देतो. म्हणून अजूनही दर दहा युनिटांपैकी सुमारे सात कोळशाची आहेत.

मग दुपारी कोळशाचे संच बंद का ठेवत नाहीत? कारण संध्याकाळी तेच लागणार असतात. थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापवायला अनेक तास जातात आणि सुरुवातीला महागडं तेल जाळावं लागतं. त्यामुळे ५०० मेगावॅटचा संच दुपारी ५५ टक्क्यांवर, म्हणजे २७५ मेगावॅटवर उतरवून ठेवतात. संध्याकाळी तो मिनिटाला एक टक्का, म्हणजे पाच मेगावॅट या वेगानं चढवला, तर पूर्ण भाराला पोचायला पाऊण तास लागतो. सूर्य एवढा वेळ थांबत नाही.

कमी भारावर संचाची कार्यक्षमता घटते, युनिटमागे कोळसा जास्त लागतो आणि धूरही वाढतो. रोजच्या चढउतारानं नळ्या तापतात, निवतात, आणि शेवटी गळू लागतात. बॉयलरची एक नळी फुटली की संच काही दिवस बाहेर. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी संच ४० टक्क्यांपर्यंत उतरवता आले पाहिजेत असं ठरवलं आहे. ते आवश्यकच आहे, पण त्यासाठीची दुरुस्ती आणि झीज यांचा खर्च वीजदरातच येणार, हे लोकांना स्पष्ट सांगायला हवं.

[दृश्य: वीज बाजाराचा दिवसभराचा आलेख]

वीज बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग असतात. प्रत्येक भागाचा दर वेगळा. उन्हाळ्यात दुपारचा दर खाली येतो आणि रात्री तो १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकू शकतो. ‘सौरवीज अडीच-तीन रुपयांना मिळते’ हे खरं आहे, पण तो दुपारचा भाव. रात्री आठच्या युनिटाच्या भावात तयार उभ्या असलेल्या संचाचा स्थिर आकारही असतो. करारानुसार तो संच चालला नाही तरी द्यावा लागतो.

[दृश्य: कोयनेचा जलाशय, भूमिगत वीजगृह]

संध्याकाळच्या चढाईला सर्वांत उपयोगी पडतं ते पाणी. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊला देशानं नऊ मिनिटं दिवे मालवले. पावणेनऊपासूनच्या सुमारे पंचवीस मिनिटांत ३१ हजार मेगावॅटच्या आसपास मागणी नाहीशी झाली. जलविद्युत संच आधीच चढवून ठेवले होते. त्यांतून १७ हजार मेगावॅटहून जास्त भार त्या वेळात उतरवला गेला. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान हलली, पण जाळं उभं राहिलं. कोळशाच्या संचांना एवढ्या वेगानं हलणं जमलं नसतं.

पण कोयनेचं पाणीही मोजून वापरावं लागतं. कृष्णा पाणी तंटा लवादानं पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. हिवाळ्यात हात सैल सोडला तर मे महिन्यात, मागणी तापलेली असताना, संच असूनही पाण्याचा कोटा उरत नाही.

घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प तेच तेच पाणी फिरवतो: स्वस्त वेळी पंपानं वर, महाग वेळी टर्बाइनमधून खाली. अशा उदंचन प्रकल्पात १०० युनिटं खर्चून ७५ ते ८० परत मिळतात. रात्री उरणारी कोळशाची वीज साठवायची, असा मूळ हिशेब असे. आता स्वस्त वेळ दुपारची आहे, तेव्हा पंपाचं वेळापत्रकही दुपारकडे न्यायला हवं.

[दृश्य: ३३/११ केव्ही उपकेंद्र, शेजारी सौर प्रकल्प, पलीकडे ऊस]

साठवणुकीहून स्वस्त उपाय म्हणजे मागणीच दुपारी आणणं. महाराष्ट्रात त्याला सर्वाधिक वाव शेतीपंपांत आहे. शेतकऱ्याला आठवड्याच्या पाळीनं दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास थ्री फेज वीज मिळायची. रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणं म्हणजे साप, बिबट्या आणि थंडी. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प, आणि त्याची वीज थेट शेतीच्या फिडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वाहिनीला. लांबच्या वहनातली गळती वाचते आणि रात्रीचा भार उतरतो.

बिघाड कुठे होतो, तेही पाहा. बरेच पंप ऑटो स्विचवर असतात. पुरवठा येताच फिडरवरचे सगळे एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळते. ऑटो स्विच काढून ५ एचपीच्या पंपाला २ केव्हीएआरचा कपॅसिटर बसवला, तर तारांवरचा प्रवाह घटतो आणि व्होल्टेज सुधारतं. दुसरं, फिडर ट्रिप झाला की लख्ख ऊन असूनही सौर प्रकल्पाचे इन्व्हर्टर (पॅनेलची वीज जाळ्याजोगी करणारी यंत्रं) सुरक्षेसाठी बंद पडतात. म्हणून वाहिनीवर टेकलेल्या फांद्या छाटणं हेही सौर योजनेचंच काम आहे. तिसरं, पावसाळ्यात पंप बंद असतात तेव्हा वीज उलट ३३ केव्हीकडे चढते. उपकेंद्राचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) पाच एमव्हीएचं, म्हणजे साधारण पाच मेगावॅट पेलणारं असेल, तर तिथे किती सौरक्षमता जोडायची याचं गणित आधीच मांडावं लागतं.

आणि भूजल. दिवसा, फुकट, भरवशाची वीज मिळाली की उपसा वाढतो. ज्या तालुक्यांत विहिरी आधीच तळाला गेल्या आहेत, तिथे ठिबकची सक्ती सोबत नसेल तर आपण वीज वाचवून पाणी गमावू.

[दृश्य: स्मार्ट मीटर, पिठाची गिरणी, बर्फाचा कारखाना]

घरगुती बिलातही आता वेळेचा भाव येतो आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार, स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकाला सौर तासांत किमान २० टक्के कमी दर द्यायचा आहे. १ एप्रिल २०२५ पासून शेती वगळता बाकीच्या ग्राहकांनाही हे नियम लागू आहेत. संध्याकाळी घरगुती दर किमान १.१ पट, उद्योग-व्यवसायाला १.२ पट.

बर्फाचा कारखाना, शीतगृह, पाणीपुरवठ्याचे पंप दुपारकडे सरकू शकतात. संध्याकाळी सातला कामावरून येऊन स्वयंपाकाला लागणारं घर सरकू शकत नाही. त्यामुळे दुपारची सवलत आधी मिळावी आणि छोट्या घरांवरचा संध्याकाळचा अधिभार त्यानंतर, तोही हलका असावा. दर ठरवताना राज्य वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो. तिथे कोणताही ग्राहक हे लेखी मांडू शकतो.