सरदाराची लेक आणि दरबारातला गवई

नमस्कार श्रोतेहो.

बेळगावहून मिरजेच्या गाडीत बसलं की आधी सुळेभावी लागतं. कुमार गंधर्वांचं जन्मगाव. मग गोकाक रोड, घटप्रभा, रायबाग, कुडची, शेडबाळ करत गाडी मिरजेला टेकते. याच मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ येऊन राहिले. कुंदगोळचे सवाई गंधर्व त्यांचे शागीर्द, आणि हुबळीच्या गंगूबाई, गदगचे भीमसेन हे सवाई गंधर्वांचे. आपल्या भागात किराणा घराण्याचं, म्हणजे खाँसाहेबांच्या गायकीचं, गाणं घरोघरी झालं ते या वाटेनं. खाँसाहेबांबद्दल आपण भरभरून बोलतो. आज मी बोलणार आहे ते ताराबाई माने यांच्याबद्दल.

ताराबाई म्हणजे बडोद्याच्या सरदार मारुतीराव मान्यांची मुलगी, राजमातेची भाची. आणि खाँसाहेब? उत्तरेतल्या कैराना गावातून नशीब काढायला निघालेले, बडोद्याच्या दरबारात चाकरीला राहिलेले तरुण गवई. दरबारात गवयाला दाद मिळे, बिदागी मिळे, पण सरदाराच्या पंगतीला त्याचं पान मांडत नसत. त्यात धर्म वेगळा. या मुलीला गाणं शिकवायला हाच गवई वाड्यात येऊ लागला. पुढचं ओळखायला ज्योतिषी नको.

घरच्यांना हे मान्य होणं शक्यच नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी दोघांनी बडोदं सोडलं आणि मुंबई गाठली.

राजवाड्यातल्या प्रेमाच्या गोष्टी बहुतेक इथंच संपतात. सांगणाऱ्याला पळून जाण्याचीच हौस फार. त्यानंतर चूल कुणी पेटवली हे कुणी विचारत नाही! इथं तर पाच मुलं झाली. अब्दुल रहमान, कृष्णा, चंपाकली, गुलाब आणि सकीना. यातल्या चंपाकलीचा जन्म १९०५ सालचा, मिरजेतला. खाँसाहेबांच्या मैफली, गावोगावचा फिरता मुक्काम, पुढं १९१३ मध्ये पुण्यात काढलेलं आर्य संगीत विद्यालय, घरातच राहणारे शिष्य. नोकराचाकरांत वाढलेल्या बाईनं हा सगळा रगाडा ओढला.

आणि वीसेक वर्षांच्या संसारानंतर ताराबाई मुलांना घेऊन बाहेर पडल्या. का, याची कारणं सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्यात शिरायचं नाही. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं साक्ष काढू नये. त्यांनी नंतर काय केलं ते बघा. मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले. चंपाकली झाली हिराबाई बडोदेकर, गुलाब झाली कमलाबाई बडोदेकर. सकीनाची सरस्वती झाली. लग्नानंतरच्या सरस्वती राणे त्याच. ज्या माने घराण्यानं लेकीला दार बंद केलं, त्याच घराण्याचं नाव मुलग्यांनी लावलं. आणि जन्म मिरजेचा असूनही हिराबाई आयुष्यभर बडोदेकर राहिल्या! याला रुसवा म्हणा, हक्क म्हणा. मला तर हा सरदारी ताठा वाटतो, आणि तो मला आवडतो.

तेवढ्यावर पोट भरत नाही. घराण्यातल्या बाईनं चारचौघांत गाणं त्या काळी कमीपणाचं मानत, गाणं नायकिणीचं. अशा वेळी ताराबाईंची मुलगी तिकीट लावून जलसे करू लागली. घरंदाज स्त्रीनं मंचावर बसावं, खाली लोकांनी पैसे मोजून शांतपणे ऐकावं, हा रिवाज रुळला त्यात हिराबाईंचा वाटा मोठा. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. खाँसाहेब तोवर कधीच गेले होते, १९३७ मध्ये, मद्रासकडच्या प्रवासात, एका लहानशा स्टेशनावर.

बापलेकीची ताटातूट झाली तरी गळा काही कोर्टकचेरीनं वाटून घेता येत नाही. आता आपण आधी खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी ऐकू, आणि लगोलग हिराबाईंचं गाणं. शब्दांकडे फारसं लक्ष देऊ नका. स्वर हलकेच कसा लावलाय, वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, पोचताना आवाज जराही कर्कश कसा होत नाही, तेवढं दोन्हीकडं कान देऊन ऐका.